सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डूवाडीला ना नदी, ना देवस्थान. मग तिथे एवढं जंक्शन कसं उभं राहिलं?

बार्शीमुळे. माझं लहानपण तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

या स्टेशनाचं नाव आधी कुर्डूवाडी नव्हतंच, ते होतं 'बार्शी रोड'. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या रेल्वे कंपनीची मुंबई-सोलापूर लाइन १८५९ साली इथवर आली, पुढच्या वर्षी सोलापूरला पोचली. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण लाइनपासून एकवीस मैल लांब राहिली. बार्शीला जायचं तर इथे उतरायचं, म्हणून ते नाव. शेजारच्या कुर्डू गावाची ही वाडी, तिला कोण विचारतंय!

वाडीचं गाव झालं ते १८९७ नंतर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर पूर्वी जीआयपीतच नोकरीला होता. स्वस्तात रेल्वे बांधता येते, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रूळ फक्त अडीच फुटी, आणि इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही. त्यामुळे हलके रूळ चालले, खर्च वाचला. गाड्यांची चाचणी त्याने आधी इंग्लंडात लीड्सजवळ घेतली आणि मग इथून बार्शीला जाणारी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. माणूस अवलियाच.)

आता गंमत बघा. मोठ्या लाइनचे डबे छोट्या रुळांवर जाणार नाहीत, छोटे मोठ्यावर येणार नाहीत. म्हणजे प्रत्येक गाठोडं इथे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं. त्याला हमाल लागले, हमालांना चहा-भाकरी लागली, अडकलेल्या उतारूंना रात्र काढायला जागा लागली. गाव वाढलं ते या खोळंब्यावर, असं माझं मत.

पुढे एक फाटा पंढरपूरला गेला, १९११ साली लाइन लातूरला आणि १९२७ साली मिरजेला भिडली. आषाढीला तर वारकऱ्यांना मालडब्यांतून न्यावं लागे. छोट्या गाड्यांच्या दुरुस्तीचा कारखानाही इथेच आला, नोकरदार वस्ती त्याच्याभोवती वाढली. बार्शी लाइट रेल्वे कंपनी १९५४ साली सरकारकडे गेली. आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे.

जुनी कागदपत्रं चाळणार असाल तर 'कुर्डूवाडी' शोधत बसू नका, 'बार्शी रोड' शोधा.