स्वीडन-नॉर्वेकडच्या स्वतंत्र कलाकारांचं नवीन ॲकॉस्टिक आणि लोकसंगीत कुठून शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की फर्स्ट एड किट झालं, होसे गोन्झालेस झाला, ही स्वीडनची नेहमीची नावं संपली, आता पुढे काय म्हणून ॲपवर 'नॉर्डिक ॲकॉस्टिक' टाकलं की सगळं एकाच साच्यातलं झोपाळू गिटार येतं, आणि कलाकाराचं नाव उघडावं तर ना फोटो ना मुलाखत. अहो, त्या नावाचा माणूस कदाचित नसेलच. 2024 मध्ये दागेन्स न्यूहेटर या स्वीडिश पेपरने छापलं होतं की स्टॉकहोममधल्या एकाच संगीतकाराने साडेसहाशेहून जास्त वेगवेगळ्या नावांनी ट्रॅक टाकलेत आणि स्पॉटिफायवर ते 15 अब्ज वेळा वाजलेत, बरेचसे असल्या शांत-शांत प्लेलिस्टमधूनच. त्यामुळे प्लेलिस्टचा नाद आधी सोडा.

माझा सुटला तो वाद्यामुळे. मी मूळचा मिरजेचा, सतारमेकर गल्ली घरापासून जवळच, शाळेतून येताना दुकानात कुणी ना कुणी तरफा जुळवत बसलेला असायचा, वरची तार छेडली की खालची न छेडलेली तार पण बोलते हे तिथे उभं राहून बघितलेलं. पुढे पुण्यात नोकरीला असताना एका रात्री हेडफोनवर नॉर्वेचं एकल हार्डिंगफेले लागलं, त्यांचं लोकसंगीतातलं व्हायोलिन, आणि वाजवणाऱ्याने गज उचलल्यावर मागे काहीतरी झिणझिणत राहिलं. मी हेडफोन काढून बघितलं, बाहेर काही वाजतंय का. मग वाचलं तर वरच्या चार तारांखाली अजून चार-पाच तारा असतात, गज न लागता नुसत्या घुमणाऱ्या, म्हणजे तरफाच की हो!

स्वीडनचं निकेलहार्पा तर त्याहून भारी. आजच्या प्रचलित वाद्याला 16 तारा, तीन वाजवायच्या, एक धरलेल्या सुराची आणि बारा तरफेच्या. डावा हात तारेला लागतच नाही, लाकडी कळा दाबायच्या, प्रत्येक कळेवरची छोटी खुंटी तारेला जाऊन टेकते. आपल्याकडे बेंजो पार्टीत बेंजो असतो ना बटणांचा, त्याला गज लावला आणि खाली सतारीच्या तरफा बसवल्या असं समजा (स्वीडिश लोक हे वाचत नसतील अशी आशा). तर सर्चमध्ये 'नॉर्डिक' वगैरे न टाकता ही वाद्यांची नावं टाका, निम्मा कचरा तिथेच गळतो, कारण झोपेच्या प्लेलिस्टसाठी हार्डिंगफेले शिकत कोण बसणार.

दुसरी युक्ती मला फार उशिरा कळली. तिकडे बऱ्याच जुन्या चालींना आपलं असं नाव नसतं, ती कुणाकडून आली ते नाव असतं. स्वीडिशमध्ये 'पोल्स्का एफ्टर अमुक', म्हणजे अमुक वादकाकडून आलेली पोल्स्का, पोल्स्का हा तिकडचा एक लोकनाच आणि त्याची चाल. एफ्टरचं स्पेलिंग इंग्लिश आफ्टरसारखंच, फक्त पहिलं अक्षर ए ऐवजी ई. आता उप्लांड भागात बिस-काले नावाचा निकेलहार्पावाला होऊन गेला, 1783 ते 1847, त्याच्या चाली आजही वाजवतात. तुम्ही 'एफ्टर बिस-काले' शोधा, एकाच माणसाच्या चाली वाजवणारे कितीतरी जण समोर येतील, कुणी नावाजलेलं, कुणी घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं. एकच बंदिश दहा जणांकडून ऐकल्यावर कोण आपला ते कळतं, तसंच. माझे निम्मे आवडते कलाकार असेच सापडले.

तिसरं म्हणजे अल्बमवरची वादकांची नावं वाचा. आपण साथीला कोण आहे ते बघून कॅसेट घ्यायचो, तीच सवय. उदाहरण देतो. डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेट ही शास्त्रीयवाली चौकडी, 2014 मध्ये त्यांनी लोकधुनांचा एक अल्बम काढला, त्यातला रूने टोन्सगार्ड सोरेन्सन हा ड्रीमर्स सर्कस या तिघांच्या बँडमध्ये पण व्हायोलिन वाजवतो, आणि त्याच बँडमधला आले कार हा वादक स्वीडनचा, सिटर्न नावाचं गिटारसारखं तारवाद्य वाजवतो. म्हणजे एका नावावरून डेन्मार्कमधून स्वीडनमध्ये पोचलात. नॉर्वेत एर्लेंड आपनेसेथचं त्रिकूट ऐका, हार्डिंगफेले, गिटार आणि ड्रम्स, मग त्यातला ड्रमर हेग-लुंडे अजून कुठे वाजवतो ते बघा, बिल्डिंग इन्स्ट्रुमेंट नावाचा वेगळाच विचित्र गोड बँड सापडेल. हे दोन्ही ऑस्लोच्या हुब्रो लेबलवर आहेत, 2009 पासूनचं छोटं लेबल, बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायच्या साइटवर त्याला फॉलो करून ठेवा म्हणजे नवीन काही आलं की मेल येते. आणि आवडलं तर तिथेच विकत घ्या, डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प साधारण 15 टक्के कापतं, बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या काही शुक्रवारी, तर स्वतःचा वाटाच सोडतं. माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं होतं, बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण बंद होतं एवढंच कारण निघालं, तेव्हा ते आधी बघा.

फेस्टिव्हलला जायची गरज नाही, नुसती कलाकारांची यादी पुरते. नॉर्वेतलं फोर्दे, स्वीडनमधलं कोर्रो, डेन्मार्कचं ट्योनर, आणि ऑस्लोचं फोल्केलार्म. यातलं शेवटचं तुमच्या जास्त कामाचं, कारण ते आयोजकांना आणि लेबलवाल्यांना कलाकार दाखवण्यासाठीच असतं. यादीतली मोठी नावं सोडून द्या, खालची अनोळखी शोधा.

फक्त गिटार आणि गाणंच हवं असेल तर मोद्दी, उत्तर नॉर्वेतल्या सेन्या बेटाकडचा. 2016 मध्ये त्याने वेगवेगळ्या देशांत बंदी आलेल्या किंवा दाबल्या गेलेल्या 12 गाण्यांचा अल्बम केला. आवाज असा की आधी वाटतं काय हे मिळमिळीत, आणि शब्द कळले की गप्प बसतो माणूस. आने ब्रुन पण ऐका, नॉर्वेची पण राहते स्टॉकहोमला, स्वतःचं लेबल चालवते. फिनलंडचं मुद्दाम घेत नाहीये, ते स्कँडिनेव्हियात मोडत नाही म्हणून भांडण सुरू होतं.

एक सावधगिरी, नॉर्वेचा स्प्रिंगार, म्हणजे तिथल्या एका लोकनाचाची चाल, ऐकताना ताल धरायला जाऊ नका. तीन मात्रा आहेत म्हणून मी दादरा समजून टेबलावर बोटं मारायला लागलो आणि चौथ्या आवर्तनात पार बाहेर. मात्रा सारख्या लांबीच्या नसतातच, टेलेमार्क भागात पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड, आणि वाल्द्रेसमध्ये गेलात की पहिलीच आखूड, मग लांब, मग मध्यम. वादकाच्या बुटाचा ठोका रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो बऱ्याचदा, तो पकडा, व्हायोलिनकडे पहिले दोन दिवस लक्षच देऊ नका.

आणि सर्च करताना ओ वर दोन टिंबं किंवा ओ मधून तिरकी रेघ कशी काढायची म्हणून अडू नका, साधा ओ टाकला तरी बहुतेक वेळा सापडतं.