पगाराचं एक्सेल सोडताना

प्रश्न : आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. साठेक बायका कामाला. काही रोजावर, बाकीच्या किलोवर. पगाराचं एक्सेल मीच सांभाळते. मालक आता ऑनलाइन पगार प्रणाली घेतायत आणि पुढच्याच महिन्यापासून एक्सेल बंद म्हणतात. कुणाचा पगार चुकला तर? पावसात इथे नेट जातं, तेव्हा काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, प्रणाली जरूर घ्या, पण एक्सेल लगेच बंद करू नका. मे, जून, जुलै असे तीन पगार दोन्हीकडे काढा आणि बाईगणिक रुपयापर्यंत ताळा जमवा. जून हवाच, कारण कामगार कल्याण निधीचे २५ रुपये जून आणि डिसेंबरलाच कापले जातात. तीन महिने दुप्पट काम पडेल, हे मालकांना आधीच सांगा.

ताळा जमत नाही तिथे बहुधा तुमच्या डोक्यातला एखादा नियम सापडतो. काजू फोडण्याचा दर वेगळा, साल काढण्याचा वेगळा. एकीने दिवसात दोन्ही कामं केली तर? गणपतीची उचल किती हप्त्यांत फेडायची, महिनाभर गैरहजर राहिली तर हप्ता पुढे ढकलायचा का? व्यवसाय कर बायकांना २५,००० पगारापर्यंत नाही. पुरुषाला १०,०००च्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीचा आकडा बरेच जण एक्सेलमध्ये हाताने बदलतात. हे सगळं आधी वहीत उतरवा, मग प्रणाली बसवणाऱ्या माणसाला समोर बसवून एकेक दाखवा. तो घाईत असला तरी सोडू नका.

माहिती भरताना खाते क्रमांकांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवा. एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे शून्य करतं आणि सुरुवातीचं शून्य गाळतं. तो रकाना ‘टेक्स्ट’ करून क्रमांक पासबुकावरूनच घ्या. विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, तेव्हा त्या खात्यांचा आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोडही शाखेत विचारून घ्या.

पीएफचं नाव हा आपल्याकडचा खरा घोळ. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. पुढे पैसे काढताना ती बाई अडते, आणि फेऱ्या मारण्यात तिचे रोज बुडतात. नावं जुळवायची तर आत्ताच जुळवा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. प्रणाली त्याची फाइल तयार करून देते, पण पहिले काही महिने ती उघडून बघितल्याशिवाय चढवू नका.

नेटचं म्हणाल तर वजनाची वही चालूच ठेवा. मुकादम किलो लिहील, बाई सही करेल, आणि नेट आलं की तुम्ही आकडे भराल. पगाराची चिठ्ठी मात्र मोबाइलवर पाठवून थांबू नका. किती किलो, काय दर, किती कपात हे मराठीत छापून प्रत्येकीच्या हातात द्या. प्रणाली मराठी चिठ्ठी देत नसेल, तर पैसे मोजण्याआधीच मालकांना ती मागायला लावा.