पळण्यापेक्षा थांबणं लिही

बाय,

तुझी स्क्रिप्ट काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली. पतसंस्थेतले पैसे उचलून पळणारी ती दोघं मला खरंच आवडली, विशेषतः ती पोरगी. फोंड्याच्या बसस्टँडवर पर्समधले सुटे पैसे मोजते आणि त्याला आकडा खोटा सांगते ना, तिथे मी थांबलोच. तो सीन कोणीही सांगितलं तरी काढू नकोस, मी सांगितलं तरी.

पण त्यानंतर तू त्यांना नुसतं पळवतेस गो. हद्दीवरचं पत्रादेवी झालं, मोले झालं, चोर्ल्याच्या घाटात चेस झाला, आणि आपला गोवा केवढासा, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सगळं मिळून शंभरेक किलोमीटर, गाडी सुसाट सोडली की हद्दच संपते. अमेरिकेत रस्ते संपत नाहीत म्हणून तिथल्या पिक्चरमध्ये ते शोभतं. आणि तिथल्याही चांगल्या लोकांनी त्यावर भागवलं नाही. 1950 चा 'गन क्रेझी' बघ, जोसेफ लुईसचा. बँक लुटायचा अख्खा सीन एका शॉटमध्ये, कॅमेरा गाडीत मागच्या बाजूला, तो बँकेत शिरतच नाही. ते लुटारू नवरा-बायको गावात येतात, पार्किंग मिळेल की नाही याची काळजी करतात, मग तो आत जातो आणि आपण तिच्याबरोबर बाहेर राहतो, तेवढ्यात एक पोलीस येऊन उभा राहतो आणि तिला त्याच्याशी गोड गोड बोलत बसावं लागतं. आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणूनच घशाला कोरड पडते.

तुझ्याकडे असं थांबणं आयतं आहे, फेरीबोट. केरीच्या धक्क्यावर उभी राहून बघ, बोट पलीकडे असली की काही म्हणजे काही करता येत नाही, मागे पोलीस असू दे नाहीतर आणखी कोणी. मी एकदा पावसात तिथे असाच अडकलो होतो, शेजारी स्कूटरवर एक जोडपं होतं, एकच रेनकोट दोघांच्या डोक्यावर धरलेला, अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत, पण बोटीची फळी धाडकन खाली पडली तेव्हा तिने त्याचा शर्ट मुठीत धरला. ते मी अजून विसरलेलो नाही. आणि पलीकडचं तेरेखोल म्हणजे नदी ओलांडली तरी गोवाच! तुझ्या पोराला वाटेल सुटलो, महाराष्ट्रात आलो, आणि हद्द अजून पुढे आहे हे तिला माहीत असेल. सांगेल का ती त्याला?

आता शेवट. दोघं गोळ्या लागून मरतात ते मला पटलं नाही. 'बॉनी अँड क्लाइड' या लुटारू जोडप्याच्या पिक्चरमध्ये ते येतं कारण ती खरी माणसं 1934 मध्ये लुइझियानात तशीच मेली, आणि तिथेही गोळ्यांपेक्षा त्याआधी दोघं एकमेकांकडे बघतात तेच जास्त लागतं. तुझ्या दोघांनी पतसंस्थेतले दीड लाख उचललेत, कोणाला साधं ढकललंही नाही, त्यांच्यावर कोण गोळी झाडणार? त्यांना अटक होईल, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतील, वेगवेगळ्या कोठडीत ठेवतील. आणि कायद्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. म्हणजे बोट तिन्हीसांजेला पोचली तर त्याला नेतील आणि ती सकाळपर्यंत मोकळी. ती अख्खी रात्र तिची आहे, बॅगही तिच्याकडेच आहे, आणि त्या बॅगेत किती आहेत हा आकडा तिने त्याला कधीच खरा सांगितलेला नाही.

ही रात्र लिही. चेसची बारा पानं सरळ काढून टाक, त्यात तुझं काही नाही. रविवारी दुपारी केरीला ये, फेरीवर चार खेपा मारू, नुसती वही आण, कॅमेरा नको.

तुझा,
सर