गाडीचा सल्ला : मोजक्याच निघालेल्या गाड्यांचं सोनं होतं का?

प्रश्न : माझा आडतीचा व्यवसाय आहे. स्कोडा ऑक्टाविया आरएस २४५, २०२० सालची, ३० लाखांना मिळते आहे. ‘देशात दोनशेच आल्या, दहा वर्षांत दुप्पट होईल’ असं विकणारा सांगतो. गुंतवणूक म्हणून घ्यावी का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : गुंतवणूक म्हणून घेऊ नका. चालवायची हौस असेल तर जरूर बघा, गाडी त्या तोलाची आहे.

आधी वहीतला हिशेब. ३० लाख ७ टक्क्यांनी दहा वर्षं बँकेत ठेवले तर साधारण ५९ लाख होतात. विमा, सर्व्हिस, टायर, बॅटरी धरून वर्षाला ८० हजार म्हटले तर आणखी ८ लाख. म्हणजे ६७ लाखांना विकली तेव्हा कुठे मुद्दल-व्याज सुटलं. गाडी खरोखर दुप्पट झाली तरी तुम्ही सात लाखांनी मागेच.

दोनशेचा आकडा खरा आहे, पण नुसत्या आकड्यावर भाव चढत नाही. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये पोलो जीटीआयच्या ९९च गाड्या भारतासाठी काढल्या. किंमत सुमारे २६ लाख होती. वर्षभरात ती २० लाखांच्या आसपास उतरवावी लागली. अमेरिकेत १९७८ साली कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या ‘इंडी पेस कार’ नावाच्या खास आवृत्तीच्या ६,५०२ गाड्या निघाल्या. पुढे सोन्याचा भाव येईल म्हणून लोकांनी त्या न चालवता झाकून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे कोऱ्या गाड्यांची टंचाई कधी झालीच नाही, आणि महागाई धरली तर त्यातल्या बहुतेकांचं मुद्दलही सुटलेलं नाही. उलट फेरारी एफ-४० चारशेच्या आसपास काढायची ठरली होती, निघाल्या तेराशेच्या वर. तरीही आज तिची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट आहे.

भाव टिकतो तो त्या गाडीत असलेली आणि पुन्हा कुणी न बनवणारी गोष्ट असेल तर. पोर्शेने २०१६ साली ९११ आर या गाडीच्या ९९१ प्रती काढल्या. पाचशे अश्वशक्तीचं इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर, म्हणून लोक दुप्पट-चौपट मोजायला तयार झाले. पुढच्याच वर्षी कंपनीने जीटी-३ टूरिंगमध्ये जवळपास तोच मसाला दिला, आणि ‘आर’चा चढलेला भाव खाली आला. तुमच्या गाडीचंही तसंच होऊ शकतं. २०२५ मध्ये नवी ऑक्टाविया आरएस आली, ५० लाखांना, १०० गाड्या आणि ताकदही जास्त. ‘दोनशेच’ या शब्दाचं वजन तेवढ्याने कमी झालं. शिवाय २४५ मध्ये हाताने टाकायचा गिअर नाही.

तरीही घ्यायची ठरलीच, तर विकणाऱ्याला गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा. तुम्ही पोचाल तेव्हा बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे. गरम असेल तर परत या, कारण थंड इंजिन सुरू होतानाचा खडखडाट आणि धूर तुमच्यापासून लपवलेला असू शकतो. मग टॉर्च घेऊन इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली बघा. तिथे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग असतं. या घराण्यातल्या इंजिनांत ते गळतं, आणि वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) गुलाबी-जांभळट थर जमलेला दिसतो. तो दिसला तर पंप बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करा. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरच्या आसपास बदलल्याची पावती मागा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र सोबत न्या. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. २००च्या वर गेला की पत्रा पुन्हा रंगवलाय आणि हजाराच्या पुढे गेला की आत पुट्टी आहे. अपघात झालेला असेल तर संग्राहक पुन्हा फिरकत नाही. रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात केलेला बदल), बाहेरचा एक्झॉस्ट, बदललेली चाकं असतील तर मूळ भाग हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी चावी, पहिलं बिल, सर्व्हिसची वही, टूलकिट हे सगळं मिळून किंमत ठरते. ऑक्टाविया एकेकाळी छत्रपती संभाजीनगरजवळच्या आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची, त्यामुळे साधे भाग मिळतात. ही आरएस मात्र आख्खी परदेशातून आलेली. तिचा बंपर फुटला तर थांबायची तयारी ठेवा.

प्रश्न : २०१६ची फियाटची अबार्थ पुंटो आहे, २२ हजार किलोमीटर. जपायची म्हणून चार महिने पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. आठवड्याला दहा मिनिटं चालू करून बंद करतो. बरोबर आहे ना?
– एक वाचक, जालना

उत्तर : ते दहा मिनिटं चालू करणं आजपासून बंद करा. जागेवर तेल पुरतं तापत नाही, ज्वलनात तयार झालेलं पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये राहतं, आणि आतून गंज धरतो. त्याऐवजी दोन-तीन आठवड्यांनी एकदा २५ किलोमीटर चालवून आणा.

ताडपत्रीखाली पावसाळ्यात दमट हवा कोंडते. सुती कव्हर घाला. मे महिन्यात पत्र्याखाली डॅशबोर्ड आणि रबर भाजून निघतं, म्हणून पत्र्याच्या आतून थर्माकोलचं छत करा. हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरा, एका जागी चपटे होणार नाहीत. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा : ‘२२१६’ म्हणजे २०१६चा बावीसावा आठवडा. दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचाच. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा.

शेजारी कापूस किंवा धान्य साठवलेलं असेल तर उंदीर येणारच. एअर फिल्टरचा डबा महिन्याला उघडून बघा, घरटं बहुतेक तिथेच असतं. विषाऐवजी पिंजरा लावा. विष खाऊन उंदीर एसीच्या नळीत मेला तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. १.४ टी-जेट इंजिनाचा बेल्ट किलोमीटर कमी झाले तरी वयाने कडक होतो. पाच वर्षं झाली की तो टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपासह बदलावा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, आणि फियाट भारतातून गेल्यामुळे सुटे भाग शोधत फिरावं लागेल. आधी बेल्ट, मग फेरी.

प्रश्न : वडिलांची फियाट पॅलिओ एस-१० आहे, सचिन तेंडुलकरच्या सहीची. तिला व्हिंटेज नोंदणी मिळेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आता नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण हवीत, गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. ती नोंदणी घेतलेली गाडी रोज वापरताही येत नाही. तोवर १५ वर्षांनंतरचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण चुकवू नका. आरसी मुदतबाह्य झालेल्या गाडीला गिऱ्हाईक भंगाराचा भाव सांगतं. ५०० गाड्यांपैकी ही एक, तेव्हा सहीचं स्टिकर पॉलिशच्या मशीनखाली येऊ देऊ नका. नवं करून लावलेलं स्टिकर जाणकाराला कडेवरूनच कळतं.