ज्येष्ठ डॉक्टर वार्षिक आढाव्याला तयार होत नाहीत, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या तुमच्या रुग्णालयात एनएबीएचची (रुग्णालयाच्या दर्जाची मान्यता) तयारी चालू आहे आणि ज्येष्ठ व्हिजिटिंग कन्सल्टंट आढाव्याचा फॉर्म भरत नाहीत.

तो फॉर्म आधी मागे घ्या. वक्तशीरपणा, टीमवर्क, पाचपैकी गुण असले रकाने ऑफिस स्टाफसाठी केलेले असतात. आयुष्यभर ऑपरेशनं केलेले सर त्यावर न वाचता सही करतील, नाहीतर करणारच नाहीत.

त्याऐवजी एमआरडीतून (रुग्णांच्या नोंदींचा विभाग) प्रत्येकाच्या स्वतःच्या केसेस काढा. किती शस्त्रक्रिया, किती रुग्ण पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागले, ३० दिवसांत जखमेत जंतुसंसर्ग किती (इम्प्लांट असेल तर ९० दिवस), अचानक आयसीयूत किती हलवले. हा कागद आधी फक्त त्यांच्याच हातात द्या. ‘माझे पेशंट जास्त गंभीर असतात’ हे पहिलं वाक्य ऐकू येईल आणि बऱ्याचदा ते खरंच असतं. सुरगाणा, पेठकडून रात्री उशिरा आलेली इमर्जन्सी जे घेतात, त्यांचेच आकडे वाईट दिसतात. म्हणून प्रत्येक केससमोर एएसए ग्रेड (शस्त्रक्रियेआधी रुग्णाची तब्येत कितपत गंभीर होती, ती श्रेणी) आणि इमर्जन्सी की ठरवलेली शस्त्रक्रिया, हे लिहाच. टक्केवारी टाळा, २० केसेसमध्ये एक मृत्यू म्हणजे लगेच ५ टक्के होतात.

समोर बसणारा त्याच शाखेचा हवा. नाशिकमध्ये दोन सर्जन बहुधा एकमेकांचे स्पर्धकही असतात, त्यामुळे कोण चालेल हे त्यांनाच विचारा. गरज पडली तर बाहेरगावचे सहकारी बोलवा. मेडिकल डायरेक्टरांचा आढावा सर्वांत आधी व्हावा आणि तो झाल्याचं सगळ्यांना कळावं. बिलिंगचा आकडा त्या खोलीत अजिबात नको. तो एकदा कागदावर आला की पुढची कित्येक वर्षं कुणी मोकळं बोलत नाही.

निम्मा वेळ ‘तुम्हाला काय हवंय?’ यासाठी ठेवा. साठीनंतर रात्रीचे कॉल झेपत नाहीत, नवीन लॅप्रोस्कोपिक तंत्र शिकायचंय पण वेळ नाही, नातेवाइकांच्या दमदाटीनंतर झोप लागत नाही, हे तेव्हाच बाहेर येतं. टेबलावर रुग्ण गेला की सर्जनला ‘तुम्ही कसे आहात?’ असं कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. व्हिजिटिंग डॉक्टरांना पैसे केसवर मिळतात, म्हणून अशा वेळी ते थांबले तर दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रियांची लिस्ट कोण सांभाळेल आणि त्यांचं नुकसान कसं भरून निघेल, हे रुग्णालयानं आधीच ठरवून ठेवायला हवं.

रुग्णाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र हा विषय या बैठकीचा नाही, तो थेट प्रिव्हिलेजिंग कमिटीकडे (कोणत्या डॉक्टरनं कोणते उपचार करायचे हे ठरवणारी समिती) जाईल, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांतले ३० क्रेडिट पॉइंट प्रशिक्षण कार्यक्रमांतली हजेरी सांगतात, निकाल सांगत नाहीत. तेवढ्यावर भागवू नका.

यंदा जे तीन-चार जण राजी आहेत त्यांच्यापासून सुरू करा आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म त्यांच्याकडूनच लिहून घ्या.