बुलेटचं इंजिन घरीच, एकट्याने चेसिसमध्ये कसं बसवावं?

तुम्ही लिहिलंय की कास्ट आयर्न बुलेट 350 चं इंजिन बांधून तयार आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा आहे, पण हाताखाली माणूस नाही. एकट्याने नक्की होतं. फक्त इंजिन उचलून चेसिसमध्ये घालायचा विचार सोडा. चेसिस इंजिनाकडे न्या.

गाडी पूर्ण खोललेली असेल तर उत्तमच. चाकं, शॉकअप्सर, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) काढलेली नुसती चेसिस एक माणूस सहज उचलतो. इंजिनातलं आणि चेनकेसमधलं (इंजिनाच्या बाजूच्या चेनच्या डब्यातलं) ऑइल काढून टाका, किक उतरवा, इंजिनाला कार्बुरेटर आणि सायलेन्सर जिथे जोडतात त्या तोंडांत भडक रंगाचं फडकं कोंबा (भडक अशासाठी, की नंतर आत राहणार नाही). मग गोधडीच्या जाड घडीवर इंजिन आडवं निजवा. फिन्सवर (इंजिनावरच्या पातळ पट्ट्यांवर) भार येऊ देऊ नका, पोकळीत लाकडी ठोकळे सरकवा. चेसिस आडवी धरून वरून उतरवा आणि बोल्ट ओवा. हँडल बसतं ती नळी धरून सगळं उभं करताना वजन उचलावं लागत नाही, नुसतं कलंडवावं लागतं. पलीकडच्या बाजूला भिंत हवीच.

या इंजिनाला गिअरबॉक्स मागून बोल्टने जोडलेला असतो, तो वेगळा केला की ओझं आणखी कमी होतं. 2009 साली आलेल्या रॉयल एनफील्ड क्लासिकमधल्या यूनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात ही सोय नाही, तिथे दोन्ही एकाच केसिंगमध्ये.

चेसिस चाकांवर उभी असेल तर खालून या. बुलेटच्या चेसिसला इंजिनाखालून जाणारा पाइप नाही, ती फट इंजिनच भरून काढतं. चेसिसला दोन्हीकडून भक्कम टेकू द्या, इंजिन रुंद फळीवर ठेवून जॅकने थोडं थोडं चढवा आणि दर वेळी खाली ठोकळा सरकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर बोटं आत घालू नका.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चेन पुली (साखळीने ओझं उचलायची कप्पी) मिळते, पण ती टांगणार कशाला? पंख्याचा हूक यासाठी नाही. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

खरी कसोटी बोल्टांची. सगळे बोल्ट आधी सैल ओवायचे, नट हातानेच दोन-तीन आटे फिरवायचे. पहिलाच करकचून आवळलात तर शेवटचं भोक हमखास केसभर चुकतं. तेव्हा हातोडी घेऊ नका. भोकात डोकावून बघा, चंद्रकोरीएवढी कड दिसेल. ज्या बाजूला दिसते तिकडे जॅक पाव फेरा हलवा किंवा निमुळती सळई घालून भोकं जुळवा. भोकं जुळली की बोल्ट अंगठ्याच्या दाबाने आत जातो. ठोकून घातलेला बोल्ट पुढच्या वेळी कापूनच काढावा लागतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तर तो जागीच गंजून बसतो. म्हणून बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावा. आटे मात्र कोरडे ठेवा, नाहीतर टॉर्कचं (नट आवळण्याच्या जोराचं) माप चुकतं.

सगळे बोल्ट बसल्यावरच, आलटून पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. अर्थची वायर ज्या बोल्टखाली येते तिथला रंग आधी खरवडा. पहिल्या छोट्या फेरीनंतर इंजिन थंड होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. एखादा हमखास थोडा फिरतो.