धानाचा शेंडा पांढरा पडला तर युरिया टाकू नका

राम राम दादा. किनवटकडून तुमचा मेसेज आला, की गावाजवळच्या मिशनमधल्या फादरांनी सांगितलं म्हणून यंदा एकेक रोप लांब लांब लावलं, पाणीपण भरून ठेवलं नाही, आणि आता शेंडा कागदासारखा पांढरा दिसतोय तर युरिया टाकू का. अजिबात टाकू नका! युरियातून मिळतं ते नत्र, आणि नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. तुमच्या फोटोत खालची पानं चांगली हिरवी आहेत, कोवळी पानं पांढरी आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता आहे.

फादरांचं चुकलं नाही हो. ही एकेक रोप लांब लावायची पद्धत, हिला श्री पद्धत म्हणतात, बसवली तीच एका फादरनी, आंरी द लोलानिए, फ्रान्सचे, 1961 ला मादागास्करला गेले, शेतीचं शिक्षण आधीच झालेलं. 1983 च्या हंगामात पावसानं ओढ दिली म्हणून 15 दिवसांचंच रोप लावावं लागलं आणि त्याला भरपूर फुटवे आले, तिथून हे सुरू झालं. पण तिथल्या डोंगरातली माती लाल, आंबट, लोह भरपूर. आपली चुनखडीची, सामू (पीएच) 8 च्या वर. लोह आपल्याकडंही आहे, पण मातीत हवा खेळली की ते गंजासारखं घट्ट बसतं, मुळीला घेताच येत नाही, पाणी उभं राहिलं की हवा तुटते आणि तेच लोह सुटं होतं.

म्हणून एकेक रोप, लांब अंतर हे ठेवा, फक्त पाणी आता दोन बोटं उभं करा. सोबत फवारणी, 15 लिटरच्या पंपाला आधी लिंबू सत्व (सायट्रिक ॲसिड) 15 ग्रॅम विरघळवा मग हिराकस (फेरस सल्फेट, यातूनच लोह मिळतं) 75 ग्रॅम, संध्याकाळच्या वेळी, 8-10 दिवसांनी परत, असं दोन-तीनदा. हिराकस घेताना पुडी उघडून बघा, खडे हिरवट पाहिजेत, तपकिरी पीठ झालेलं असलं तर दुकानदाराला परत करा, ते पानाला काही लागू होत नाही. चुनखडीत नुसतं जमिनीत फेकलं तरी पैसे वाया, द्यायचंच तर शेणखतात मुरवून.

पुढच्या वर्षी पाण्याची खात्री नसेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाची प्रभावती ही धानाची जात लावा, ती लोहाची कमतरता बऱ्यापैकी सोसते.

पांढरं झालेलं जुनं पान बघत बसू नका, फवारल्यावर आठ दिवसांनी नवीन निघालेल्या पानाचा फोटो पाठवा, त्यावरून पुढची फवारणी ठरवू.